वरची पहिली गोळी

आजच्या या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि शाळेत मला गणित शिकवलेले आदरणीय श्रीकृष्ण अभ्यंकर सर. व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसलेल्या, महिला मंडळाच्या आशालताताई. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती, गेल्याच महिन्यात पोलीस दलातून निवृत्त झालेले हवालदार मंगेश सोन्या वाघ. त्यांच्या पत्नी सुनितावहिनी आणि मुलगी वर्षाली. पुढच्या रांगेत अगदी मधोमध, नव्या लुगड्यात बसलेल्या त्यांच्या मातोश्री जानीआजी. आणि भाताची झोडणी आटोपून, जीपमध्ये मांडीला मांडी लावून साखरशेतहून, दाभोशाहून, थेट पोशेऱ्याहून इथवर आलेले जव्हार-मोखाड्याचे माझे सगळे बंधू आणि भगिनी. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सरांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. सर, शाळेतही तुम्ही दिलेल्या वेळात माझी गणितं कधी सुटली नाहीत. आजही सुटतील असं वाटत नाही, तेव्हा घंटा जरा लांब ठेवा.

मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी पोलीस निरीक्षक अवंती शेटे. बाजारपेठेतल्या शेट्यांच्या कापडाच्या दुकानातली धाकटी. ठाण्याकडच्या एका विशेष पथकाची मी प्रमुख होते आणि मंगेशराव त्या पथकाच्या शस्त्रागारात आर्मोरर होते. आर्मोरर म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा. पोलिसाच्या कमरेला पिस्तूल दिसतं, पण ते वेळेला चालेल की नाही हे ठरवणारा माणूस आत, लोखंडी जाळीच्या मागं, तेलकट फडकं घेऊन बसलेला असतो. त्याचा फोटो पेपरात येत नाही. गळ्यात हार घातलेल्या मंगेशरावांचा फोटो आज प्रथमच निघतोय, आणि तेही बघा, मान खाली घालून बसलेत.

मंगेशराव म्हणताना मला थोडं अवघडल्यासारखं होतंय. नोकरीत मी त्यांना नुसतं 'वाघ' म्हणायचे. 'वाघ, या. वाघ, फाईल.' माझ्यापेक्षा ते सतरा वर्षांनी मोठे. पण खात्यात वय बघत नाहीत, खांदा बघतात. आज दोघांच्याही अंगात गणवेश नाही, त्यामुळे मंगेशराव म्हणायची संधी मी सोडणार नाही.

माझ्या आधी बोललेल्या तिन्ही वक्त्यांनी एक वाक्य म्हटलं, की मंगेशरावांनी तीस वर्षांच्या नोकरीत कुणाचं मन दुखावलं नाही. फार सुंदर वाक्य आहे. निरोप समारंभात शोभून दिसतं. पण मी पोलीस आहे, मला साक्ष द्यावी लागते. हे वाक्य खोटं आहे. मंगेशरावांनी माझं मन चांगलं दुखावलं होतं. इतकं, की मी तासाभरात त्यांच्यावर कसुरी रिपोर्ट लिहिला. कसुरी म्हणजे कामात कसूर केल्याबद्दल वरिष्ठानं वर पाठवलेला कागद. तो सेवापुस्तकाला चिकटला की जळवेसारखा सुटत नाही.

आता हा कागद कशापायी लिहिला गेला, हे सांगायलाच मी उभी आहे. सत्काराची शाल, श्रीफळ, हे सगळं झालं. हे राहिलं होतं.

थोडं हत्याराबद्दल सांगावं लागेल. घाबरू नका, सोपं आहे. पिस्तुलाच्या मुठीत एक डबी बसते, तिला मॅगझिन म्हणतात. तिच्यात गोळ्या एकावर एक रचलेल्या असतात आणि खालून स्प्रिंग त्यांना वर ढकलत असते. पिस्तुलाचा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागं ओढून सोडली की ती पुढं जाताना सगळ्यांत वरची गोळी आपल्याबरोबर ढकलत नेते. गोळीचं टोक एका छोट्याशा चढावर घसरतं आणि ती नळीत जाऊन बसते. बस, एवढंच. नळीत गोळी बसली तर पिस्तूल, नाहीतर लोखंडाचा तुकडा.

आमच्याकडच्या जुन्या गोळ्यांचं टोक गोल, गुळगुळीत असायचं. ते कसंही ढकला, घसरत आत जायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या पथकाला प्रायोगिक तत्त्वावर दुसऱ्या गोळ्या मिळाल्या. पोकळ टोकाच्या. टोक सपाट आणि मध्ये खळगा, बाटलीच्या तोंडासारखी कड. आमचं काम गर्दीच्या ठिकाणी, कोर्टाच्या आवारात. गोल टोकाची गोळी एका माणसाच्या आरपार जाऊन मागच्या निष्पाप माणसालाही लागू शकते. पोकळ टोकाची गोळी आत उमलते आणि बहुधा तिथंच थांबते. म्हणून ती. पण तिची एक नाजूक बाजू आहे. त्या सपाट तोंडाची कड जरा जरी चेपली, गोळी जरा जरी वाकडी वर आली, तर ती चढावर घसरण्याऐवजी अडते. आणि ज्या क्षणी पोलीस पिस्तूल काढतो, तो क्षण 'थांब हं, जरा अडकलंय' म्हणण्याचा नसतो.

नव्या गोळ्या आल्या तेव्हा मंगेशरावांनी चाळीसच्या चाळीस पिस्तुलांतून त्या चालवून बघितल्या. एकही अडकली नाही. सही केली. जुन्या गोळ्यांचा साठा आम्ही परत केला. सगळे खूश, आणि मी सगळ्यांत खूश, कारण हा प्रयोग आपल्या पथकात यावा म्हणून मीच खटपट केली होती.

मी खूश असले की नियम काढते. हा माझा स्वभाव आहे, माझ्या घरचेही सांगतील. दुसऱ्या एका ठिकाणी पाळी बदलताना कुणीतरी पिस्तूल न बघताच हातोहात दिलं होतं, असं कानावर आलं होतं. आपल्याकडे असला ढिसाळपणा नको. मी आदेश काढला: प्रत्येक पाळीला, पिस्तूल घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं, अंमलदारासमोर मॅगझिन बसवायचं, स्लाइड ओढून सोडायची, गोळी नळीत जाते हे दाखवायचं, पुन्हा बाहेर काढायची, मॅगझिनमध्ये भरायची, मोजून दहाच्या दहा परत ठेवायच्या. हा आदेश मी स्वतः टाइप केला, त्याला प्लॅस्टिक चढवलं आणि शस्त्रागाराच्या भिंतीवर लावला. खाली माझी सही. मोठी.

आमच्याकडे बंदोबस्तावर नळी रिकामी ठेवतात. गोळी मॅगझिनमध्ये, गरज पडली तर स्लाइड ओढायची. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पाच आठवडे गेले. पुन्हा चाचणीची वेळ आली. चाळीसपैकी नऊ पिस्तुलांत पहिलीच गोळी अडकली. बाकीच्या नऊ गोळ्या व्यवस्थित, पण पहिली अडकली. चार दिवसांवर कोर्टातला एक मोठा खटला आलेला, त्यात एक साक्षीदार, त्याच्या जिवाला धोका, सगळं पथक त्या बंदोबस्तावर. आणि आर्मोररच्या योग्यता दाखल्याशिवाय एकही पिस्तूल आवाराबाहेर जात नाही.

मी मंगेशरावांना बोलावलं. आता इथं जे संभाषण झालं ते मी जसंच्या तसं सांगते, कारण त्यानंतर ते मी मनात पुष्कळदा ऐकलंय.

मी म्हटलं, "वाघ, सही करा. पिस्तुलं साफ करा आणि सही करा."

ते म्हणाले, "मॅडम, साफ आहेत. नऊ अडकलीत. का अडकली ते कळल्याशिवाय मी सही नाय करत."

"मग एकतीसवर करा."

"जी नऊ आज अडकली ती गेल्या महिन्यात चालत होती, मॅडम. ही एकतीस आज चालतात. उद्याचं मी कसं सांगू? मला तीन दिवस द्या."

"तीन दिवस नाहीत माझ्याकडे."

"मग सही पण नाय माझ्याकडे," असं ते म्हणाले. आवाज न चढवता. चहा नको म्हणावा तसं.

तुम्हाला खरं सांगू का मला राग कशाचा आला? त्यांनी सही नाकारली, हा भाग झालाच. पण मनात असं होतं की हा आपल्या तालुक्याचा माणूस, साखरशेतचा, आपल्या दुकानात याच्या घरचे सणाला कापड घ्यायला येतात, हा तरी आपला शब्द मोडणार नाही. शेट्यांच्या मुलीचा शब्द. हे मी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नाही. आज आपल्याच गावात, आपल्याच माणसांसमोर कबूल करते. दुकान बाबांचं होतं, वर्दी सरकारची होती, आणि मी दोन्ही एकदम अंगावर चढवून त्या माणसासमोर बसले होते.

कसुरी लिहिली. 'हत्यारांच्या देखभालीत हयगय, वरिष्ठांच्या आदेशाचे पालन न करणे.' मुख्यालयाला कळवलं, दुसरा आर्मोरर पाठवा. मुख्यालय म्हणालं, पाठवतो, तीन दिवसांनी येईल.

हसा, हसा. मीही आता हसते. मी नाकारलेले तीन दिवस त्यांना सरकारनंच दिले.

आता वर्षाली, तू पुढं ये बघू. नाही, नाही, बोलायचं नाही, नुसती उभी राहा. ही नाशिकला नर्सिंग शिकते. वर्षाली, दोन वर्षांपूर्वी तुझी लाल नेलपॉलिशची बाटली हरवली होती ना? तू घरभर शोधलीस, आईवर आळ घेतलास. ती बाटली सरकारी कामाला लागली होती. बस आता.

मंगेशरावांनी पहिल्या दिवशी काय केलं, तर पिस्तुलांना हातच लावला नाही. गोळ्या बघितल्या. सगळे पिस्तुलाला दोष देत होते, मी माणसाला दोष देत होते, हा माणूस भिंग घेऊन गोळ्या बघत बसला. अडकलेल्या नऊच्या नऊ गोळ्यांचं तोंड एका बाजूला चेपलेलं होतं. आणि कॅलिपर लावून मोजल्या तर त्या इतर गोळ्यांपेक्षा आखूड भरल्या. टोक पितळेच्या पुंगळीत थोडं आत दबलेलं, नखाच्या जाडीएवढं. मॅगझिनमधल्या खालच्या गोळ्या मात्र कोऱ्या करकरीत.

मग त्यांनी नेलपॉलिश काढली. नव्या गोळ्या घेतल्या आणि प्रत्येकीच्या बुडाला लाल ठिपके दिले. सगळ्यांत वरची एक ठिपका, तिच्याखालची दोन ठिपके, असं. चार पिस्तुलांत भरल्या आणि ती पाळीला द्यायला ठेवली. दाखला नसल्यामुळे ती आवाराबाहेर जात नव्हती, पण माझ्या आदेशाप्रमाणे पाळीबदल मात्र होतच होता. माझा आदेश ना. सुट्टी नाही त्याला.

प्रत्येक पाळीनंतर त्यांनी मॅगझिन उघडून बघितलं. वर कोण? एक ठिपका. पुढची पाळी. वर कोण? एक ठिपका. दिवस संपला, दुसरा उजाडला, वर तीच. सर, तुम्ही वर्गात एकाच मुलीला रोज फळ्यापाशी उभं करायचात, तसं. ती मुलगी मीच होते म्हणून आठवतंय.

लक्षात येतंय ना काय होत होतं? प्रत्येक पाळीला स्लाइड ओढली की वरची गोळी जोरात पुढं जायची, चढावर आपटायची, नळीत बसायची. मग ती बाहेर काढायची, पुसायची आणि मोजणी दहा भरावी म्हणून कुठं ठेवायची? वर. तिथंच जागा असते. पुन्हा तीच आपटायची. जी पिस्तुलं रोज तिन्ही पाळ्यांना वापरात होती, त्यांत पाच आठवड्यांत शंभर वेळा तीच एक गोळी. गोल टोकाची जुनी गोळी असती तर तिनं हा मार बराच काळ सोसला असता, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पोकळ टोकाची बिचारी कितीदा सोसणार? आणि बंदोबस्तावर खरंच वेळ आली, तर सगळ्यांत आधी कोणती गोळी लागणार? वरची. तीच. आम्ही रोज नेमानं, अंमलदाराच्या साक्षीनं, जी गोळी जीव वाचवणार होती तिलाच ठोकून काढत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी, चुकून सुटलीच तर रेतीत जावी म्हणून, पिस्तुलाचं तोंड रेतीच्या पेटीकडे करून एकच गोळी स्वतःच्या हातानं आत-बाहेर केली. वीस वेळा झाली की मोजायची. चाळीस वेळा, पुन्हा मोजायची. साठ-सत्तरच्या आसपास कड चेपली, गोळी दबली आणि अडली. मग तीच गोळी त्यांनी नव्या खोक्यातून काढलेल्या कोऱ्या पिस्तुलात घातली. तिथंही अडली. आणि ज्या पिस्तुलाला आपण सगळे नावं ठेवत होतो त्यात वर ताजी गोळी ठेवली. सुळकन आत गेली. संपलं. पिस्तूल निर्दोष, गोळी निर्दोष, आर्मोरर निर्दोष.

उरलं कोण?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला शस्त्रागारात बोलावलं. टेबलावर गोळ्या ओळीनं मांडलेल्या. मी बघितल्या. समजायला मला वेळ लागला नाही, तेवढं गणित सरांनी शिकवलंय. माझी नजर भिंतीवर गेली. प्लॅस्टिक चढवलेला कागद, मोठी सही.

मंगेशरावांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. ते गोळ्यांकडे बघत बोलले. "मॅडम, माझी आई लोकांच्या शेतात आवणी करायची." आवणी म्हणजे भाताची रोपं लावणं, हे इथं मी कुणाला सांगायला नको. "तर एक मालक होता. बायांनी नीट लावलं का बघायला रोज यायचा आणि बांधाजवळची चार रोपं उपटून बघायचा. रुजली का. परत खोचायचा. रोज तीच चार, बांधावरून हात पुरेल ती. तेवढा तुकडा पिवळा पडायचा. मग तो ओरडायचा, का बायांनी नीट लावलं नाय. आई म्हणायची, दादा, तू बघायचं बंद कर, ते आपोआप रुजल."

जानीआजी, तुम्ही मान हलवताय. आठवतोय ना तो मालक? त्याचं नाव इथं घेऊ नका, त्याचे नातेवाईक बसलेले असतील. मला एवढंच कळलं की त्या दिवशी त्या खोलीत तो मालक मी होते.

मी विचारलं, "मग तपासायचं कसं?" कारण तपासायचं तर हवंच.

त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. पाळी बदलताना स्लाइड रिकामी ओढून दाखवायची, मॅगझिन वेगळं, गोळ्या डोळ्यांनी बघायच्या. गोळी नळीत नेण्याची खरीच गरज पडली, तर ती पुन्हा वर ठेवायची नाही. लाल ठिपका देऊन वेगळ्या डब्यात, सरावाला. आणि महिन्यातून एकदा मॅगझिनमधल्या गोळ्यांची जागा बदलायची. अर्ध्या पानाचा नियम. दोन तासांत चाळीसही पिस्तुलांत वरच्या गोळ्या बदलल्या, पुन्हा चालवून बघितली, एकही अडकली नाही. त्यांनी दाखल्यावर सही केली. मुख्यालयाचा आर्मोरर दुपारी जेवणाच्या वेळेला पोचला, जेवला आणि परत गेला.

सुदर्शन, जरा हात वर कर. मागं, खांबाजवळ बसलाय तो. हा आमचा शिपाई. ज्या नऊ पिस्तुलांत गोळी अडकली होती त्यांतलं एक याच्या नावावरचं. त्या खटल्याच्या तिसऱ्या तारखेला, कोर्टाच्या पायऱ्यांवर, एक माणूस कोयता घेऊन साक्षीदारावर धावला. सुदर्शन मध्ये उभा राहिला. पिस्तूल काढलं, स्लाइड ओढली, गोळी आत गेली. ती आत गेल्याचा आवाज कोयतेवाल्यानंही ऐकला आणि कोयता खाली टाकला. एकही गोळी सुटली नाही. कुणाला खरचटलंही नाही. त्यामुळे पेपरात चार ओळी आल्या, त्याही आतल्या पानावर. सुदर्शनला शाबासकी मिळाली, ती त्याची हक्काची. पण त्या दिवशी वर चेपलेली गोळी असती तर आज त्याचा हात वर झाला नसता. त्यानं जव्हारला येण्यासाठी पहाटेची गाडी पकडली. मी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आलाय.

इथं माझं भाषण संपायला हवं. टाळ्याही मिळतील. पण सर, उदाहरण अजून सुटलेलं नाही. हातचा एक राहिलाय.

या प्रकरणाचा अहवाल मंगेशरावांनी लिहिला. मी तो माझं नाव शोधत वाचला. त्यात कारण असं लिहिलं होतं: 'पाळीबदलाच्या प्रचलित पद्धतीमुळे.' प्रचलित. जणू ती पद्धत आभाळातून पडली होती. कुणाचा आदेश, कुणाची सही, एक अक्षर नाही. भिंतीवरचा कागदही त्या संध्याकाळपर्यंत काढलेला होता. कुणी काढला ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी तो अहवाल 'सहमत' असा शेरा मारून वर पाठवला. माझं कौतुक झालं. पथकानं दोष शोधला म्हणून.

आणि कसुरी? ती मागं घ्यायची तर कारण लिहावं लागलं असतं. हयगय वाघांची नव्हती, मग कुणाची, असं वरून विचारलं असतं. मी म्हटलं, बघू, खटला संपू दे. मग म्हटलं, माझी बदली होऊ दे. तोवर वरून त्या कसुरीवर सक्त ताकीद आली आणि त्यांच्या सेवापुस्तकात चिकटली. त्या वर्षीच्या पदोन्नतीच्या यादीत वाघ हे नाव यायचं होतं. आलं नाही. पुढची यादी ते निवृत्त झाल्यावर लागणार आहे. म्हणजे ज्या खांद्यावर एक तारा यायचा होता, तो खांदा तसाच घरी आला.

मला हे माहीत होतं. जानीआजींनी साखरशेतमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगा तारा लावून येईल, हेही माहीत होतं. आमच्या दुकानात त्या शर्टाच्या कापडासाठी आल्या होत्या, तेव्हा बाबांना सांगून गेल्या होत्या. बाबांनी मला फोनवर सांगितलं. मी विषय बदलला.

आजी, त्यांना तारा मिळाला नाही याचं कारण त्यांनी तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक नाही. बहुतेक 'जागा नव्हती' म्हणाले असतील. जागा होती. त्यांच्या कामात काहीच कमी नव्हतं. कमी माझ्यात होती.

मंगेशराव, बसा. उठू नका. दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला वाचवलंत, आज तुम्हाला तो हक्क नाही. आज माझी पाळी आहे.

मी पंधरा दिवसांपूर्वी मुख्यालयाला पत्र लिहिलं. त्याची नक्कल ही माझ्या हातात आहे. सगळी वाचत नाही, सरकारी भाषा आहे, लोक झोपतील. दोनच वाक्यं. 'सदर कसुरी अहवाल चुकीचा होता. दोष ज्या पद्धतीमुळे निर्माण झाला ती पद्धत माझ्या लेखी आदेशाने सुरू झाली होती, व हे मला त्या वेळी ज्ञात असूनही मी कसुरी मागे घेतली नाही.' खाली माझी सही आहे. या वेळी लहान केली.

याचं पुढं काय होईल? ताकीद रद्द होईल का, मागल्या तारखेनं पदोन्नती मिळेल का, मला ठाऊक नाही आणि मी इथं खोटं आश्वासन देणार नाही. माझ्यावर काही कारवाई होईल का? होऊ शकते. झाली तर सरळ उभी राहून घेईन. एका माणसानं मला दाखवलंय की 'सही नाय करत' म्हणूनसुद्धा माणूस सरळ उभा राहू शकतो. ही नक्कल मी आता जानीआजींच्या हातात देते. आजींना वाचता येत नाही, पण वर्षाली वाचून दाखवेल. घरी नको, जीपमध्ये दाखव, सगळ्यांना ऐकू येईल अशी.

आता रीतीप्रमाणे आभार. अध्यक्ष अभ्यंकर सरांनी घंटा हातात असूनही वाजवली नाही, त्यांचे आभार. आशालताताईंनी आणि मंडळाच्या बायकांनी सकाळपासून नाचणीचे लाडू वळले, त्यांचे आभार. सुदर्शनचे, आला म्हणून. सुनितावहिनींचे विशेष आभार. त्यांना हे सगळं मी आल्याआल्याच सांगितलं होतं, तरी त्यांनी मघाशी मला स्वतःच्या हातानं चहा दिला. साखर थोडी कमी होती, पण ती माझीच लायकी असेल.

आणि शेवटी, बोलताना जिभेवरून काही उणंदुणं गेलं असेल तर सभागृहानं ते मनावर घेऊ नये, अशी विनंती प्रत्येक वक्ता करतो. ती मी तुम्हा सगळ्यांना करते, आणि तुम्ही मोठ्या मनाचे आहात, मान्य कराल याची मला खात्री आहे.

मंगेशरावांना मात्र मी तशी घाईनं विनंती करणार नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे तीन दिवस मागितले होते आणि मी दिले नव्हते. मंगेशराव, मला माफ करायचं की नाही, हे नीट तपासून ठरवा. तीन दिवस घ्या, तीन महिने घ्या. या वेळी मी थांबते.

जय हिंद.